कालवांचा सारखेपणा: पुरावा कशाचा?

कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, उत्तर अमेरिकेच्या सबंध पूर्व किनाऱ्यावर कालवांची एकच जात राहते: क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका. एका टोकाला हिवाळ्यात खाड्या गोठतात, दुसऱ्या टोकाला पाणी वर्षातले बरेच महिने कोमट असतं. प्रौढ कालव खडकाला किंवा दुसऱ्या कालवाच्या शिंपल्याला एकदा चिकटलं की जन्मभर जागचं हलत नाही. हलते ती त्याची संतती. एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी पाण्यात सोडू शकते, फलन पाण्यातच होतं, आणि अंड्यांतून निघालेले सूक्ष्म डिंभ दोन ते तीन आठवडे प्रवाहाबरोबर वाहून मग कुठेतरी रुजतात. एवढ्या माहितीवरून कोणीही जो अंदाज बांधेल तोच जीवशास्त्रज्ञांनी बांधला होता: वाहत्या संततीमुळे सगळ्या किनाऱ्याची जनुकं सतत मिसळत राहणार आणि हजारो किलोमीटर दूरची कालवंही आतून सारखीच असणार. १९८३ साली नॉर्मन बुरोकर यांनी एन्झाइमांच्या प्रकारांवरून या कालवांची तुलना केली तेव्हा अंदाज खरा ठरल्यासारखं वाटलं. अटलांटिक आणि मेक्सिकोचं आखात यांतल्या बहुतेक ठिकाणच्या कालवांत फारसा फरक सापडला नाही. त्यानंतरच्या चाळीस वर्षांचं काम एकत्र ठेवून पाहिलं तर मात्र त्या निष्कर्षातली एक पायरीच निखळलेली दिसते. जनुकं सारखी आहेत हे निरीक्षण. ती मिसळतात म्हणून सारखी आहेत हा तर्क. समुद्री प्राण्यांच्या बाबतीत हा तर्क सर्वांत कच्चा आहे, आणि मासेमारीचे नियम किंवा खाड्यांच्या पुनरुज्जीवनाच्या योजना आखताना अजूनही त्याच्यावरच भार टाकला जातो.

पहिला धक्का १९९० साली बसला. कॅरोल रीब आणि जॉन अव्हाइस यांनी याच जातीचा मायटोकाँड्रियातला डीएनए तपासला. हा डीएनए आईकडून येतो आणि त्याची सरमिसळ होत नाही, त्यामुळे वंशावळ वाचायला तो सोपा. फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्यांना एक ठळक रेषा सापडली. रेषेच्या उत्तरेकडची कालवं एका वंशशाखेची, दक्षिणेकडची आणि आखातातली दुसऱ्या शाखेची. दोन शाखांतलं अंतर सुमारे २.६ टक्के, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने त्यांची फारकत सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीची. दोन वर्षांनी स्टीफन कार्ल आणि अव्हाइस यांनी केंद्रकातल्या डीएनएचे काही तुकडे तपासले, तर त्यांतही तीच रेषा उमटली. एन्झाइम एक सांगत होते आणि डीएनए दुसरं. कार्ल आणि अव्हाइस यांनी काढलेला अर्थ धाडसी होता: एन्झाइमांमधला सारखेपणा मिसळणीतून आलेलाच नाही, तर निसर्गनिवडीने रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याच प्रकारांचं प्रमाण तोलून धरलं आहे. रेषा खरी असल्याला बाहेरूनही दुजोरा होता. त्याच टापूत हॉर्सशू क्रॅब, ब्लॅक सी बास हा मासा, खाजणातलं टेरापिन कासव आणि किनाऱ्यावरच्या गवतात राहणारी एक चिमणी यांच्याही वंशशाखा दुभंगलेल्या आढळल्या होत्या. चिमणीला डिंभ नसतात. इतक्या वेगळ्या जीवनक्रमाचे प्राणी एकाच भागात दुभंगतात, तेव्हा कारण आजच्या प्रवाहांत शोधून भागत नाही. हिमयुगांत समुद्राची पातळी चढत-उतरत असताना फ्लोरिडाच्या द्वीपकल्पाने दोन बाजूंच्या प्राण्यांना जो आडोसा घातला असेल त्याचा इतिहास तपासावा लागतो.

इथे गोष्ट संपली असती तर ती छान पण फसवी ठरली असती. १९९६ साली जॉन मॅकडोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रकातले आणखी वेगळे तुकडे घेतले, आणि त्यांत भौगोलिक फरक एन्झाइमांइतकाच कमी निघाला. म्हणजे विचित्र एन्झाइम नव्हते. कार्ल आणि अव्हाइस यांच्या हाती लागलेले तुकडेच कदाचित अपवाद होते. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याने तोलून धरणाऱ्या निवडीचा दावा बराच मागे सारला. पण म्हणून जुना निष्कर्ष परत उभा राहत नाही. मॅथ्यू हेअर आणि अव्हाइस यांनी पुढे केंद्रकातल्या जनुकांच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा दिसलं की काही जनुकांमध्ये रेषेपाशी प्रमाण एकदम बदलतं, काहींमध्ये हळूहळू, काहींमध्ये जवळजवळ नाहीच. आणि जिथे बदलतं तिथेही दोन्हीकडच्या वंशावळी मायटोकाँड्रियासारख्या स्वच्छ वेगळ्या झालेल्या नाहीत. याचं एक साधं कारण हिशेबात आहे. मायटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून आणि एकपदरी येतो, त्यामुळे त्याची परिणामी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला प्रत्यक्षात वारसा देणाऱ्यांची संख्या, केंद्रकातल्या जनुकाच्या ढोबळमानाने चौथा हिस्सा असते, आणि जुने प्रकार गळून शाखा वेगळ्या होण्याचं काम त्यात चौपट वेगाने होतं. केंद्रकातली जनुकं दोन लोकसंख्या दुभंगण्याच्या आधीचे प्रकार अजून बाळगून असतील. तसं असेल तर त्यांचा सारखेपणा आजच्या मिसळणीचाही नाही आणि निवडीचाही नाही; ती जुन्या काळाची शिल्लक आहे. एकाच किनाऱ्यावरच्या एकाच जातीत सारखेपणाची तीन कारणं एकमेकांशी स्पर्धा करत आहेत, आणि निव्वळ सारखेपणाकडे पाहून त्यांच्यातून निवड करता येत नाही.

सारखेपणा इतका मुका का असतो हे स्युअल राइट यांच्या जुन्या सूत्रात दिसतं. दोन लोकसंख्यांमधल्या फरकाचा निर्देशांक, दर पिढीला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या चारने गुणून त्यात एक मिळवला आणि त्याने एकाला भागलं की मिळतो. दर पिढीला एक पाहुणा आला तर निर्देशांक ०.२, दहा आले तर ०.०२४, शंभर आले तर ०.००२५. समुद्री प्राण्यांमध्ये सापडणारे आकडे बहुधा याच शेवटच्या टोकाला असतात, आणि तिथे शंभर पाहुणे व दहा लाख पाहुणे यांच्यातला फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जातो. पिढीला शंभर कालवं येऊन रुजली तर जनुकं एकसारखी राहतील. पण उजाड झालेली खाडी त्या शंभरांनी भरणार नाही. जनुकं मिसळायला पुरेल इतकं स्थलांतर आणि लोकसंख्या तगवायला पुरेल इतकं स्थलांतर यांच्यात हजारो पटींचं अंतर असू शकतं. शिवाय हे सूत्र सगळं स्थिरावल्यानंतरचं आहे. लोकसंख्या कोट्यवधींची असेल तर योगायोगाने होणारे चढउतार इतके मंद असतात की शेवटचं हिमयुग संपून गेलेली दहा-बारा हजार वर्षंही अपुरी पडतात. स्थलांतर आज पूर्ण थांबलं तरी जनुकं आणखी कितीतरी पिढ्या सारखीच दिसत राहतील. मत्स्यखात्याच्या अहवालात ‘जनुकीय फरक आढळला नाही, म्हणून एकच साठा मानावा’ असं वाक्य येतं तेव्हा त्या ‘म्हणून’ला आधार काय, हे विचारायला हवं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कालवांत नसून हेरिंग माशात आहे. बाल्टिक समुद्राचं पाणी निमखारं. त्यातला हेरिंग लहानखुरा, कमी चरबीचा, आणि लिनियसने अठराव्या शतकातच त्याला वेगळी उपजात ठरवलं होतं. १९८१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एन्झाइम तपासले तेव्हा बाल्टिक आणि अटलांटिक हेरिंगमध्ये जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. लिनियस चुकला, शरीरातला फरक फक्त पाण्याच्या खारटपणाचा परिणाम, असं म्हणणं त्या काळी रास्त होतं. २०१२ साली लेफ अँडरसन यांच्या गटाने संपूर्ण जनुकसंच वाचायला घेतला आणि चित्र उलटलं. जनुकसंचाचा बहुतांश भाग खरोखरच एकसारखा होता. पण काही ठिकाणी प्रकारांचं प्रमाण एका समुद्रातून दुसऱ्यात जाताना जवळजवळ पूर्ण पालटत होतं. २०२० सालच्या त्यांच्या अभ्यासात अशी शेकडो ठिकाणं नोंदली गेली. त्यांतलं एक डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचं आहे: एका जागचं अमिनो आम्ल बदलल्यामुळे ते तांबूस प्रकाश अधिक चांगला टिपतं, आणि बाल्टिकचं पाणी निळ्यापेक्षा तांबूस प्रकाश जास्त खोल जाऊ देतं. दुसरं ठिकाण वसंतात अंडी घालणारे आणि शरदात घालणारे हेरिंग यांना वेगळं करतं. बाल्टिक आजच्यासारखा निमखारा होऊन सुमारे आठ हजार वर्षंच झाली आहेत. एवढ्या थोड्या काळात, एवढ्या मोठ्या लोकसंख्येत, हा पालट योगायोगाने होणं शक्य नाही. १९८१ सालचं मोजमाप चोख होतं. ज्या मूठभर जागा पाहता येत होत्या त्या निवडीच्या नव्हत्या, इतकंच. आणि अवाढव्य लोकसंख्येत योगायोग दुबळा असल्यामुळे बाकीच्या जागी फरक पडलाच नव्हता.

यावर नेहमीचा आक्षेप असा: दर पिढीला डिंभ इकडून तिकडे वाहत असतील तर स्थानिक निवड त्यांना कुठे पुरी पडणार? वाहून आलेली जनुकं तिचं काम पुसून टाकणार नाहीत का? रिचर्ड कोएन यांच्या गटाने न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये शिणाण्यांवर केलेलं काम या आक्षेपाला सरळ उत्तर देतं. तिथल्या मायटिलस शिणाण्यांत प्रथिनांचे तुकडे करणारं एक एन्झाइम आहे. त्याचा एक विशिष्ट प्रकार मोकळ्या समुद्राकडच्या शिणाण्यांत सुमारे ५५ टक्के आढळतो, तर आतल्या, कमी क्षारतेच्या पाण्यात तो १५ टक्क्यांवर उतरतो. खाऱ्या पाण्यात पेशीतला दाब सांभाळायला मोकळी अमिनो आम्लं लागतात आणि हा प्रकार ती जोमाने पुरवतो. गोडसर पाण्यात तोच जोम अंगावर येतो. प्राणी गरजेपेक्षा जास्त नायट्रोजन बाहेर टाकतो आणि शरद ऋतूत खाणं कमी पडलं की खंगून मरतो. विशेष असं की नुकतीच रुजलेली पिल्लं साउंडच्या आतल्या भागातही समुद्राच्याच प्रमाणाची असतात. पुढच्या काही महिन्यांत मृत्यू होत जातात आणि प्रमाण उतरत जातं. पुढच्या वर्षी पुन्हा समुद्राकडून पिल्लं येतात आणि पुन्हा तेच घडतं. मिसळण आणि स्थानिक फरक एकाच ठिकाणी, एकाच वर्षात, शेजारी शेजारी नांदतात. त्या खाडीत जूनमध्ये नमुना घेतला की हिवाळ्यानंतर, यावर उत्तर ठरतं, आणि प्रसिद्ध झालेल्या कितीतरी शोधनिबंधांत नमुन्यातल्या प्राण्यांचं वय नोंदलेलंही नसतं.

दर वर्षी इतके मृत्यू केवळ निवडीपायी परवडतील कसे, हा त्याच्याच पोटातला दुसरा आक्षेप. जमिनीवरच्या प्राण्यांसाठी तो खरा आहे. चार पिल्लं देणाऱ्या मादीच्या संततीत निवडीला फारशी जागा नसते. जॉर्ज विल्यम्स यांनी १९७५ सालच्या ‘सेक्स अँड इव्होल्यूशन’ या पुस्तकात एल्म वृक्ष आणि कालव यांची जोडी मांडली ती याचसाठी. असंख्य संतती, त्यातली जवळजवळ सगळी मरणारच, आणि जागा थोड्या. अशा जीवनक्रमात निवड कितीही कठोर असली तरी लोकसंख्या बुडत नाही. पुढे सोफी लोने आणि डेनिस हेजकॉक यांनी २००१ साली पॅसिफिक कालवाच्या जवळच्या नात्यातल्या संकरांत याची मोजदाद केली. फलनानंतर सहा तासांनी तपासलेल्या भ्रूणांत मेंडेलची प्रमाणं अचूक होती; दोन-तीन महिन्यांनी उरलेल्या पिल्लांत ती कोलमडलेली होती, कारण काही जनुकांच्या दोन सारख्या प्रती वाट्याला आलेली पिल्लं मधल्या काळात मेली होती. त्यांच्या हिशेबाने एका कालवाच्या जनुकसंचात असे किमान ८ ते १४ अत्यंत घातक पण सुप्त बदल दडलेले असतात. कालवांच्या अभ्यासात समयुग्मजी (जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेले) प्राणी अपेक्षेपेक्षा जास्त सापडतात आणि तरीही विषमयुग्मजी (दोन प्रती वेगळ्या असलेली) कालवं भराभर वाढतात, हे सिंग आणि झूरोस यांनी १९७८ साली नोंदलेलं कोडं या दडलेल्या ओझ्याने पुष्कळ सुटतं. २०१२ साली पॅसिफिक कालवाचा जनुकसंच वाचणाऱ्या चिनी नेतृत्वाखालच्या गटालाही विविधतेचा जाच झालाच: चार पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर केलेलं कालव घेऊनसुद्धा दोन प्रतींतला फरक इतका होता की तुकडे जुळवायला वेगळी पद्धत योजावी लागली.

आतापर्यंत सारखेपणाची बाजू झाली. फरकाची बाजूही तितकीच निसरडी आहे. १९८२ साली मायकेल जॉन्सन आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यावर सायफोनेरिया या खडकाला चिकटणाऱ्या गोगलगाईवर काम केलं. शेकडो किलोमीटरच्या पल्ल्यावर जनुकं सारखी, पण काही मीटरवरच्या दोन खडकांत फरक, आणि तोही दर वर्षी बदलणारा. अडसर कुठेच नव्हता. त्यांनी याला ‘अनागोंदी ठिगळं’ अशा अर्थाचं नाव दिलं. याचं सर्वांत गाजलेलं स्पष्टीकरण हेजकॉक यांनी १९९४ साली मांडलं: समुद्रात प्रजनन ही सोडत आहे. अंडी सोडण्याची वेळ, त्या आठवड्यातला प्रवाह, डिंभांना मिळणारं खाद्य हे सगळं जुळून येण्याची शक्यता इतकी कमी असते की बहुसंख्य आईबापांचं एकही पिल्लू टिकत नाही आणि मोजक्या जोड्यांची पिल्लं सगळी खाडी भरून टाकतात. या कल्पनेचा अर्धा भाग योहान योर्त यांनी १९१४ सालीच सांगितला होता. नॉर्वेच्या हेरिंगमध्ये १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढची कितीतरी वर्षं जाळ्यात भरत होती, ती का, हे सांगताना त्यांनी डिंभांच्या पहिल्या काही दिवसांच्या उपासमारीवर बोट ठेवलं होतं. हेजकॉक यांनी त्याला जनुकांची बाजू जोडली. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर सेतजवळ निसर्गात एका हंगामात रुजलेल्या युरोपीय चपट्या कालवांच्या पिल्लांचा त्यांनी व सहकाऱ्यांनी हिशेब केला, तर त्या सगळ्या पिल्लांमागे परिणामतः १० ते २० आईबाप निघाले. न्यूझीलंडच्या टास्मन उपसागरात लाखोंनी असलेल्या स्नॅपर माशाचे १९५० पासून जपून ठेवलेले खवले तपासून लोरेन्झ हाउझर यांच्या गटाने २००२ साली दाखवलं की त्यांची परिणामी संख्या काही शेकड्यांतच आहे आणि मासेमारी सुरू झाल्यावर विविधता घटली आहे.

सोडतीची कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच तिच्याकडे जास्त संशयाने पाहायला हवं. कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या सागरी साळूच्या नव्या पिल्लांत २००२ साली विविधता घटल्याचं काही चिन्ह मिळालं नाही. रॉबिन वेपल्स यांनी दाखवून दिलं आहे की परिणामी संख्या अवाढव्य असेल तेव्हा शे-दोनशे माशांच्या नमुन्यातून ती मोजताच येत नाही, आणि पिढ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या की आकडे खोटे लहान पडू शकतात. परिणामी आणि प्रत्यक्ष संख्येचं एकाला लाखाचं गुणोत्तर वाचताना हे विसरून चालत नाही. सर्वांत मूलभूत आक्षेप विविधतेचाच आहे. जोनाथन रोमिगिये आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ७६ प्राणिजातींची तुलना केली, तेव्हा भरपूर बारीक अंडी सोडून देणाऱ्या जातींतच सर्वाधिक विविधता आढळली. सोडत दर वर्षी मूठभर जोड्यांनाच लागत असेल तर विविधता टिकते कशी? मला याचं उत्तर काळाच्या मापात दिसतं. एका हंगामाच्या पिल्लांचे आईबाप थोडे असले तरी कालवांचा ताटवा अनेक हंगामांचा मिळून बनतो, आणि दर हंगामी जिंकणारे वेगळे असतात. त्यामुळे एका वर्षाचा आकडा आणि लाखो वर्षांचा आकडा यांत विरोध असण्याचं कारण नाही. पण मग ‘परिणामी संख्या’ असा एकच आकडा देऊन थांबता येत नाही, कोणत्या मुदतीची ते सांगावं लागतं. शिवाय जिंकणारे योगायोगानेच जिंकतात की त्यांच्या जनुकांमुळे, हेही उघडं आहे. आइसलंडचे आइनर अर्नासन आणि सहकारी यांनी २०२३ साली कॉड माशाचे जनुकसंच तपासून दुसऱ्या शक्यतेच्या बाजूने कौल दिला: तिथे वारंवार होणारी जोरदार निवडच सोडतीसारखी वागते.

निवडीच्या बाजूने इतका पुरावा साठल्यावर जनुकसंचातली प्रत्येक उठून दिसणारी जागा परिस्थितीशी जुळवून घेण्याची खूण मानण्याचा मोह होतो. निकोला बियेर्न यांनी २०११ साली या मोहाला चांगली वेसण घातली. दोन जुन्या वंशशाखा पुन्हा भेटल्या की त्यांच्या संकरांत आपसांत न जुळणाऱ्या जनुकांमुळे एक सीमा तयार होते. ही सीमा भटकत जाते आणि पाण्याचं तापमान किंवा क्षारता जिथे एकदम बदलते अशा ठिकाणी अडकून बसते. मग तिथे जे फरक दिसतात ते परिस्थितीशी सुरेख जुळतात, पण त्यांचं मूळ परिस्थितीत नसतं. फ्लोरिडाच्या रेषेला हे लागू पडण्याची शक्यता मला बरीच वाटते. तिथे उबदार आणि समशीतोष्ण पाणी भेटतं आणि जुन्या शाखाही. कॉडमध्ये गुंता आणखी वेगळा: अंडी घालायला दूरवरून येणारा ईशान्य आर्क्टिकचा कॉड आणि किनाऱ्यालगतच राहणारा कॉड यांच्यातला ठळक फरक उलट्या बसलेल्या गुणसूत्राच्या मोठ्या तुकड्यात एकवटलेला आहे. त्या तुकड्यात शेकडो जनुकं एकगठ्ठा वारसाने जातात, त्यामुळे नेमकं कोणतं काम करतं ते वेगळं काढणं अवघड.

डिंभ दूर जाऊ शकतात म्हणून जातातच, ही समजूत तर जनुकांशिवायही ढासळली आहे. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाभोवती जेफ्री जोन्स यांच्या गटाने एका लहान प्रवाळी माशाच्या एक कोटीहून जास्त भ्रूणांवर रासायनिक खूण केली आणि परत आलेल्या पिल्लांवरून १९९९ साली अंदाज दिला की तिथे रुजणाऱ्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के त्याच बेटाची असावीत.

लोकसंख्या एक की अनेक हे विचारण्याआधी जात एक की अनेक हे तरी नक्की असतं का? कालवांत तेही नसतं, कारण शिंपल्याचा आकार जागेप्रमाणे बदलतो. ‘पोर्तुगीज कालव’ ही लामार्क यांनी १८१९ साली वर्णन केलेली एक युरोपीय जात असं सगळे मानत होते. १८६८ साली वादळात सापडलेल्या एका जहाजाने या कालवांचा माल फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ समुद्रात टाकला आणि ती तिथे फोफावली. १९७० नंतरच्या तीन-चार वर्षांत विषाणूच्या साथीत ती मेली आणि तिच्या जागी जपानी कालवं आणली गेली. एन्झाइमांच्या तपासणीत दोन्ही जवळजवळ सारखी निघाली होती, म्हणून दोन्ही एकच असं ठरत आलं. १९९८ साली मायटोकाँड्रियातल्या डीएनएने दोन गोष्टी एकदम सांगितल्या: ती वेगळी आहेत, आणि ‘पोर्तुगीज’ कालव मूळचं तैवानच्या बाजूचं आहे, बहुधा जुन्या व्यापारी जहाजांच्या तळाला चिकटून युरोपात आलेलं. इथेही एन्झाइमांच्या सारखेपणाने दिशाभूल केली होती. आपल्याकडे तर हा प्रश्न अजून दाराशी आहे. कोकणातल्या खडकांना चिकटणारी छोटी कालवं सॅकोस्ट्रिया कुकुलाटा या नावाने नोंदली जातात, पण कॅथरिन लॅम आणि ब्रायन मॉर्टन यांनी २००६ साली हिंद-पॅसिफिक प्रदेशातून गोळा केलेल्या या एका नावाच्या कालवांत एकमेकींपासून दूर गेलेल्या अनेक वंशशाखा दाखवल्या. खाड्यांच्या गाळात वाढणाऱ्या मोठ्या क्रॅसोस्ट्रियांच्या नावांचीही फेरतपासणी चालू आहे. ओहोटीला कोयतीने कालवं फोडणाऱ्या बाईला त्याने लगेच काही फरक पडत नाही. पण एका खाडीचं बीज दुसऱ्या खाडीत नेऊन कालवशेती वाढवायची असेल, तर आपण जात हलवतो आहोत की लोकसंख्या, एवढं तरी कळायला हवं.

बीज हलवण्यातच या सगळ्या वादाचा व्यवहार आहे. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात अतिमासेमारीने कालवं खालावली होतीच. त्यात १९५९ साली एमएसएक्स हा रोग आला. तो १९५७ साली डेलावेअर उपसागरात प्रथम दिसला होता, आणि त्याचा परजीवी पॅसिफिक कालवांतल्या परजीवीशी जुळतो हे २००० साली जनुकीय पुराव्याने दाखवलं गेलं. रोगाला तोंड देणारे वाण हॅचरीत पैदा करून ते उपसागरात सोडायचे, ही योजना त्यातून आली. तिच्या मागे दोन गृहीतकं होती: उपसागरातली कालवं एकसारखी असल्याने कुठलं बीज कुठे जातं याने बिघडत नाही, आणि सोडलेली कालवं प्रजनन करून जंगली साठ्यात मिसळतील. पहिल्या गृहीतकाला २००६ साली रोझ, पेन्टर आणि हेअर यांनी तडा दिला. चेसापीकच्या आत अंतर वाढेल तसा जनुकीय फरक, थोडा पण मोजता येईल इतका, वाढताना आढळला, म्हणजे डिंभांचा पल्ला समजला जातो तेवढा नसावा. शिवाय निल्स रीमन आणि लिंडा लायक्रे यांनी १९९१ सालीच इशारा दिला होता की मोजक्या आईबापांची हॅचरीतली संतती जंगली साठ्यात यशस्वीपणे मिसळली तर एकूण परिणामी संख्या वाढण्याऐवजी घटू शकते. कालवांत, जिथे हॅचरीतल्या टाकीतही काही नर-माद्यांचीच पिल्लं टिकतात, हा धोका अधिक. दुसऱ्या गृहीतकाची परीक्षा व्हर्जिनियातल्या ग्रेट विकोमिको नदीत झाली. तिथे सोडलेला वाण जनुकीय खुणांनी ओळखता येत होता, म्हणून हेअर आणि सहकाऱ्यांना पुढच्या हंगामांत रुजलेल्या पिल्लांत त्याचा वाटा शोधता आला. वाटा अगदी अल्प निघाला. वाण तगला नाही, की त्याची पिल्लं नदीबाहेर वाहून गेली, की सोडतीत तो हरला, हे त्या परीक्षेतून ठरत नाही. ते ठरवायला त्याच नदीत रुजल्या दिवसाची पिल्लं आणि वर्षभराने उरलेली कालवं, दोन्हींचे नमुने लागोपाठच्या हंगामांत घ्यावे लागतील. लाँग आयलंड साउंडमध्ये शिणाण्यांसाठी ते १९८० च्या आसपासच झालं होतं, तेही एका एन्झाइमाच्या भरवशावर. आता सबंध जनुकसंच वाचता येत असताना बहुतेक प्रकल्प अजूनही प्रत्येक खाडीचा एकदाच, मिळतील त्या वयाच्या कालवांचा नमुना घेतात.